अभ्यासिकेतले कॉम्प्युटर बसले की लवकर उठवायचे कसे?

पेठरोडकर · रविवार, रात्री ११:२०
पंचवटीतल्या आमच्या अभ्यासिकेत बारा कॉम्प्युटर आहेत. सगळे देणगीतले, त्यामुळे तीन तऱ्हेचे. एमपीएससीवाली मुलं, मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी, बँकेचे फॉर्म भरणारे आणि जूनपासून प्रवेशाच्या रांगेतले पालक, सगळे तेच वापरतात. कोणीही येतो, कसलाही पेनड्राइव्ह खुपसतो. मग एखाद्यात सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात, एखादा निळा पडदा दाखवून गप्प होतो, तर एखाद्यात ब्राउझर उघडला की भलत्याच जाहिराती. टेक्निशियनला फोन केला की उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारावा लागेल." डबा गाडीवर घालून नेतो आणि सवडीने आणून देतो. परत आल्यावर बघावं तर मराठी कीबोर्ड नाही, प्रिंटर लागत नाही, ऑफिस गायब.

मला दोनच गोष्टी हव्यात. मशीन बसलं तर तासाभरात आहे त्या जागी उठलं पाहिजे, आणि ते करायला दर वेळी कुणाचे पाय धरायला लागू नयेत. खर्चाला मंडळाकडे फार पैसे नाहीत. कोणी असं काही चालवतं का?

सातपूरचा_फिटर · रविवार, रात्री ११:३१
यूएसबी पोर्ट बंद करा. विषय संपला.

अनुस्वार · रविवार, रात्री ११:४०
@फिटर, आणि मुलांनी प्रिंट कशावरून द्यायची? कपाळावर लिहून? कीबोर्ड-माऊससुद्धा यूएसबीवरच असतात हो.

बूटलूप · सोमवार, सकाळी ७:१५
पेठरोडकर, तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला आजार रोजचा: कुणी सेटिंग बदललं, व्हायरस आणला, काहीबाही इन्स्टॉल केलं. यावर 'रीबूट केलं की पूर्ववत' करणारं सॉफ्टवेअर लावतात. डीप फ्रीझ हे त्यातलं जुनं नाव. दिवसभरात डिस्कवर जे लिहिलं जातं ते बाजूला ठेवलं जातं, आणि मशीन परत चालू झालं की फेकून दिलं जातं. एकदा नीट बसवलेली विंडोज जशीच्या तशी राहते. हे विकत घ्यावं लागतं, दर मशीनमागे लायसन्स. विंडोजमध्ये अशीच सोय युनिफाइड राइट फिल्टर नावाने आहे, पण ती एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्तीत. देणगीतल्या मशीनवर होम नाहीतर प्रो असणार, तिथे मिळत नाही. प्रोवर निदान 'शेअर्ड पीसी मोड' लावता येतो; माणूस पाहुणा म्हणून आत येतो, लॉगआउट केलं की त्याचं खातं फायलींसकट पुसलं जातं.

दुसरा आजार म्हणजे डिस्क मेली, विंडोज उठतच नाही. तिथे फ्रीझ काही कामाचं नाही, कारण जे गोठवलंय तेच गेलं. त्याला डिस्कची इमेज, म्हणजे सगळ्या मजकुराची हुबेहूब प्रत, काढून ठेवावी लागते. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, आता ओझरची बस पकडायची आहे.

जुनाखेळाडू · सोमवार, सकाळी ९:०२
या निमित्ताने विंडोज स्टेडीस्टेट आठवलं. एक्सपी आणि व्हिस्टासाठी मायक्रोसॉफ्टने फुकट दिलेलं होतं, खास शाळा, लायब्ररी आणि सायबर कॅफेवाल्यांसाठी. आमच्या नाशिकरोडच्या कॅफेत सगळीकडे तेच होतं. पोरं वॉलपेपरवर काय काय लावून जायची, सकाळी बघावं तर हिरवी टेकडी जागेवर! २०१० संपताना ते बंद केलं, विंडोज ७ ला कधी आलंच नाही. इतकं कामाचं फुकटात दिलेलं परत काढून घेतलं, याचा राग अजून गेलेला नाही.

स्पर्धक_नाशिक · सोमवार, सकाळी १०:३८
फ्रीझची एवढी आरती चालू आहे म्हणून खुर्चीवर बसणाऱ्याची बाजू मांडतो. गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत मी तीन तास बसून अर्थव्यवस्थेच्या नोट्स टाइप केल्या. डेस्कटॉपवर सेव्ह केल्या. मध्ये लाइट गेली, मशीन परत चालू झालं आणि डेस्कटॉप चकाचक. काउंटरवर विचारलं तर "सिस्टीम तशीच आहे" एवढं उत्तर. तशीच आहे तर सांगा ना आधी! भिंतीवर 'शांतता राखा' सतरा ठिकाणी लिहिलंय, हे एका ठिकाणी लिहायला काय झालं होतं?

पेठरोडकर · सोमवार, दुपारी १:१०
@स्पर्धक, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मग फायली ठेवायच्या कुठे?

नदीपलीकडे · सोमवार, दुपारी १:४५
डीप फ्रीझमध्ये एक भाग न गोठवता मोकळा ठेवता येतो. तो 'डी' ड्राइव्ह म्हणून दाखवा, 'तात्पुरती कामं' असं नाव द्या आणि ठरलेल्या वारी साफ करा. पण यूपीएस आधी लावा. लाइट गेली की सेव्ह न केलेलं कसंही जाणारच, त्यात फ्रीझचा दोष नाही.

दाखलेवाली · सोमवार, दुपारी ३:२०
मोकळ्या ड्राइव्हला माझा कडाडून विरोध. मी दिंडोरीकडे महा ई-सेवा केंद्र चालवते. लोकांना 'डाउनलोड' फोल्डर म्हणजे कचराकुंडी वाटते. दुसऱ्याचं मशीन उघडून बघा कधी: आधार कार्डाच्या पीडीएफ, सातबारे, पासबुकाचे फोटो, उत्पन्नाचे दाखले, सगळं उघड्यावर. तुमच्या 'तात्पुरत्या कामां'त आठवड्यात अख्ख्या पंचवटीचे आधार गोळा होतील. २०२३ ला वैयक्तिक डेटाचा कायदा आला आहे, तो बाजूला ठेवला तरी उद्या कुणाच्या नावावर कर्ज निघालं तर माणूस तुमच्याच दारात उभा राहणार.

फायली मशीनवर ठेवायच्याच नाहीत. ज्याचं त्याने स्वतःला मेल करावं, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्यावं. आणि ब्राउझर गेस्ट मोडमध्येच उघडेल असं करा, नाहीतर मागच्याचं जीमेल पुढच्याला उघडं मिळतं. आमच्याकडे एका काकांनी दुसऱ्याच्या खात्यातून सुनेला मेल पाठवला होता, पुढचं विचारू नका.

स्पर्धक_नाशिक · सोमवार, दुपारी ३:४१
ताई, मान्य. मला फक्त आधी सांगितलेलं हवं. वॉलपेपरवरच मोठ्या अक्षरात टाका: 'या मशीनवर काही राहत नाही. जाताना सोबत न्या.' वॉलपेपरही गोठलेलाच असतो, कुणाला बदलता यायचा नाही.

पेंग्विन_गंगापूररोड · सोमवार, संध्याकाळी ५:०५
कुणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो: विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स. त्याच्या मिंट नावाच्या प्रकारात लॉगिनच्या सेटिंगात पाहुण्यांचं सेशन चालू करता येतं. पाहुण्याचं घर तात्पुरत्या जागेत बनतं, बाहेर पडला की पुसलं जातं. वेगळं फ्रीझ नको, लायसन्स नको, शॉर्टकट व्हायरस नको. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि देणगीतली जुनी मशीन ११ च्या अटीत बसणार नाहीत. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ती मशीन भंगारात घालणार का?

दाखलेवाली · सोमवार, संध्याकाळी ५:३०
पेंग्विनदादा, माझ्याकडे अंगठ्याचं मशीन आहे, ते आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर (आरडी सर्व्हिस), डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर आणि दोन प्रिंटर. हे सगळं लिनक्सवर एकत्र चालवून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

पेंग्विन_गंगापूररोड · सोमवार, संध्याकाळी ५:३३
मिसळ मीच देतो 🙏 पण अभ्यासिकेत अंगठा कशाला लागतोय? तिथे ब्राउझर, पीडीएफ आणि मराठी टायपिंग, संपलं.

अनुस्वार · सोमवार, संध्याकाळी ५:५०
टायपिंगमध्येच तर घोळ आहे. परीक्षेचा सराव करणाऱ्यांना रेमिंग्टनचाच, म्हणजे टाइपरायटरसारखा लेआउट लागतो, बाकीच्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक. दोन्ही ठेवा नाहीतर काउंटरवर दंगल.

अवांतर: मिसळ कुठली ते आधी ठरवा. गोड दही देतात तिथली मी मिसळ धरत नाही.

जुनाखेळाडू · सोमवार, संध्याकाळी ६:१५
दह्यावर वेगळा धागा काढा. इथे बारा मशीन मरायला टेकली आहेत.

बूटलूप · सोमवार, रात्री ९:२५
सकाळचं पुढे.

इमेजसाठी क्लोनझिला वापरा. फुकट आहे, मुक्त आहे, तैवानच्या सरकारी संगणन केंद्रातल्या लोकांनी बनवलंय. पेनड्राइव्हवरून चालू होतं, मशीनमध्ये काही टाकावं लागत नाही. डिस्क अख्खी न उचलता फक्त भरलेला भाग उचलतं. म्हणजे २४० जीबीच्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) विंडोज, ऑफिस, कीबोर्ड, प्रिंटर धरून ४० जीबी भरलं असेल तर तेवढंच वाचतं, वर दाबूनही ठेवतं.

रीत अशी. एक मशीन मनासारखं तयार करा, अपडेट संपवा, कुणाचंही खासगी खातं त्यात राहू देऊ नका. मग बाहेरच्या डिस्कवर इमेज. पडद्यावर निळ्या-करड्या अक्षरी मेनूत 'सेव्हडिस्क' आणि 'रिस्टोअरडिस्क' असे दोन पर्याय येतात. घाई तिथे करू नका. रिस्टोअरला कुठली डिस्क पुसली जाणार ते तो दोनदा विचारतो. दोन्ही वेळा नाव आणि आकार वाचूनच 'वाय' दाबा.

काही खड्डे आहेत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं तर शटडाउन केलेलं मशीन खरं पूर्ण बंद झालेलं नसतं, डिस्क अर्धवट झोपेत असते आणि क्लोनझिला तक्रार करतं. बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा; विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं तर हल्ली न सांगता एन्क्रिप्शन सुरू झालेलं असतं. मग भरलेलं-रिकामं कळत नाही आणि अख्खी डिस्क उचलावी लागते. मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर सहजी उतरत नाही, म्हणून मूळ मशीनची डिस्क सगळ्यात लहान घ्या. आणि तीन तऱ्हेची मशीन असतील तर तीन इमेज. एकच इमेज सगळीकडे रेटायला गेलात तर कुठे मशीन सुरू करणारा जुना बायोस, कुठे नवा यूईएफआय, ड्रायव्हरचा गोंधळ.

नदीपलीकडे · सोमवार, रात्री ९:४०
उत्तम प्रतिसाद. एकेक करत बसण्यापेक्षा नेटवर्कवरून सगळी एकदम करता येतात ना?

बूटलूप · सोमवार, रात्री ९:५८
येतात, एकाच वेळी सगळ्यांना मल्टिकास्टने. पण तुमचा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, बघा. गिगाबिटचा असेल तर ४० जीबी कागदावर सहा-सात मिनिटांत जातं, प्रत्यक्षात थोडं जास्त. जुना १०० एमबीपीएसचा डबा असेल तर तासभर. एक मशीन बसलं असेल तेव्हा बाहेरची डिस्क लावणंच सोपं, नेटवर्क वर्षातून एकदा सगळी नवी करताना.

कुळकायदा · सोमवार, रात्री १०:२०
इमेज पसरवण्याआधी सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) करायला हवं ना? नाहीतर सगळ्यांचा एसआयडी, म्हणजे विंडोजने मशीनला दिलेला ओळख क्रमांक, एकच होतो.

जुनाखेळाडू · सोमवार, रात्री १०:३२
कशाला? आम्ही वर्षानुवर्षं घोस्ट या जुन्या सॉफ्टवेअरने तशाच इमेज मारत आलो, आभाळ कोसळलं नाही. स्वतः मायक्रोसॉफ्टच्या रुसिनोविचने २००९ ला लिहिलं होतं की सारखा एसआयडी म्हणजे बागुलबुवा आहे.

कुळकायदा · सोमवार, रात्री १०:४७
२००९ ला ठीक होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अपडेट्सनी एसआयडी तपासायला सुरुवात केली. सारखा असला तर एका मशीनवरून दुसऱ्याचं शेअर्ड फोल्डर किंवा रिमोट डेस्कटॉप उघडत नाही, पासवर्ड बरोबर असूनही नकार. आमच्या अंबडच्या ऑफिसात यावर एक आख्खा दिवस गेला. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं एकच: सिसप्रेप करून पुन्हा इमेज काढा.

जुनाखेळाडू · सोमवार, रात्री ११:०१
हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

सातपूरचा_फिटर · मंगळवार, सकाळी ६:५०
सगळे सॉफ्टवेअरमध्येच पोहताय. देणगीतली मशीन म्हणजे जुनी, आणि जुन्या मशीनचं निम्मं दुखणं डब्याच्या आत असतं. चालू करताना तारीख मागे गेलेली दिसते का? बायोसची नाण्याएवढी बॅटरी संपली. सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. तारीख चुकली की बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणते, मुलं म्हणतात व्हायरस आला, टेक्निशियन म्हणतो फॉरमॅट. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने पुसून परत लावा, अर्धे निळे पडदे तिथेच थांबतील. आणि ज्यात अजून फिरणारी हार्डडिस्क आहे तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. पिवळं दिसलं की बदला, लाल व्हायची वाट बघू नका.

दाखलेवाली · मंगळवार, सकाळी ९:१५
एक भर. इमेजची डिस्क मशीनला कायम लावून ठेवू नका. ओळखीच्या एका केंद्रात बॅकअपची डिस्क मागे चोवीस तास लटकलेली असायची. रॅन्समवेअर आलं, त्याने आतलं आणि बाहेरचं दोन्ही एकदमच कुलूपबंद केलं. दाखल्यांचा हंगाम होता. डिस्क काम झालं की काढायची आणि कपाटात. दुसरी प्रत दुसऱ्या घरात.

द्राक्षबाग · मंगळवार, सकाळी ११:०५
आणि इमेज काढली म्हणजे झालं असं समजू नका. ती एकदा खरोखर उतरवून बघितलेली हवी. १९ जुलै २०२४ आठवा: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. उपाय माहीत होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण प्रत्येक मशीनपाशी माणूस जायला हवा होता, आणि बिटलॉकरच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते बऱ्याच ठिकाणी सापडेना. तुमच्याकडे बाराच आहेत म्हणून हसू नका. रविवारी एखादं मशीन मुद्दाम पुसा आणि घड्याळ लावून उठवा, तेही ज्याला काही येत नाही अशा माणसाकडून.

अनुस्वार · मंगळवार, सकाळी ११:२०
ज्याला काही येत नाही असा माणूस म्हणजे अध्यक्ष का?

पेठरोडकर · मंगळवार, दुपारी २:३०
अध्यक्ष हा धागा वाचतात 😄

सगळ्यांचे आभार. पण रात्रपाळीला काउंटरवर बसतो तो बी.ए.चा मुलगा आहे. मेनू वाचून डिस्क निवडणं त्याच्यावर टाकायला मन धजत नाही, भलतीच डिस्क पुसली तर? त्याच्या हाती देता येईल असं काही?

सातपूरचा_फिटर · मंगळवार, दुपारी ३:०५
आहे की. त्याला क्लोनझिला दाखवूच नका. तिन्ही तऱ्हांसाठी एकेक जादा एसएसडी घ्या, लहानातली लहान. बूटलूप म्हणतात तशी इमेज तुम्ही निवांतपणे त्यावर आधीच उतरवून ठेवा, वर रंगीत चिकटपट्टी लावा. लाल तऱ्हेच्या मशीनला लाल एसएसडी. मशीन बसलं की मुलाने वीज काढायची, बाजूचं पत्रं उघडायचं, साटाच्या दोन वायरी जुनीतून काढून नवीला लावायच्या. रुंद वायर विजेची, अरुंद डेटाची, उलटी बसतच नाही. एसएसडीला वजन नसतं, रात्रीपुरती डब्यात तशीच पडू दिली तरी चालते, स्क्रू सकाळी. जुनी तुमच्या टेबलावर ठेवायची. ती खरंच मेली की फक्त विंडोज बिघडली ते तुम्ही सावकाश बघा. विंडोजचं लायसन्स सहसा डिस्कशी नाही, मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच आवृत्ती असली तर नेट लागल्यावर आपोआप जुळतं.

बूटलूप · मंगळवार, दुपारी ३:४०
@फिटर, हे माझ्यापेक्षा सरस आहे. फक्त त्या जादा एसएसडीवरची इमेज सिसप्रेप केलेली हवी, नाहीतर कुळकायदा रागावतील. आणि तीन महिन्यांनी ताजी करा. जुनी इमेज चढवली की विंडोज उठल्या उठल्या अपडेट ओढायला लागते आणि मुलं म्हणतात मशीन स्लो आहे.

कुळकायदा · मंगळवार, दुपारी ३:५२
रागावत नाही. पण सिसप्रेपनंतर पहिल्यांदा चालू करताना भाषा, नाव वगैरे विचारतं. ती उत्तरं आधी भरलेली फाइल करून ठेवता येते, ती करा. नाहीतर रात्री अकराला मुलगा फोन करून विचारेल, "काका, कीबोर्ड यूएस निवडू का?"

पेंग्विन_गंगापूररोड · मंगळवार, संध्याकाळी ६:१०
बारातल्या सगळ्यात जुन्या दोनांवर मिंट टाकू द्या. एका रविवारी येऊन टाकून देतो, फुकट. रेमिंग्टनचंही बघतो. लोकांनी नाक मुरडलं तर परत विंडोज.

पेठरोडकर · मंगळवार, रात्री १०:४५
अध्यक्षांशी बोललो. तीन जादा एसएसडी आणि एक बाहेरची डिस्क मंजूर. फ्रीझचं लायसन्स पुढच्या वर्षी बघू, तोवर प्रो असलेल्या मशीनवर शेअर्ड पीसी मोड आणि ब्राउझर गेस्टमध्ये. डेटा ड्राइव्ह ठेवणार नाही, दाखलेवाली ताईंचं पटलं. वॉलपेपरचा मजकूर स्पर्धकचा, जसाच्या तसा. पेंग्विनदादा, दोन मशीन तुमची, येत्या रविवारी सकाळी दहाला या.

एकच राहिलं. प्रिंटर एका मशीनला यूएसबीने लावलेला आहे आणि बाकीचे त्याच्यातून शेअर घेतात. नेमकं तेच मशीन बसलं तर?

सातपूरचा_फिटर · मंगळवार, रात्री १०:५८
प्रिंटरला मागे लॅनचं भोक आहे का बघा. असलं तर थेट स्विचला लावा. नसलं तर फोटो टाका, मॉडेलचं नाव दिसेल असा.

पेठरोडकर · मंगळवार, रात्री ११:१४
आहे. वर कंपनीचं स्टिकर लावून झाकलेलं होतं.